भाजणी कोणी दळायची? शेडरच्या मधल्या भाषेचा इतिहास

१९ सप्टेंबर २०२४ला मायक्रोसॉफ्टने एक निर्णय जाहीर केला. विंडोजवरच्या खेळांच्या ग्राफिक्ससाठी असलेल्या डायरेक्टएक्समध्ये शेडर मॉडेल ७ ही पुढची आवृत्ती येईल तेव्हापासून शेडरची देवाणघेवाण ‘स्पिर-व्ही’ या फॉरमॅटमध्ये होईल, असा तो निर्णय. स्पिर-व्ही मायक्रोसॉफ्टचा नाही. तो क्रोनोस ग्रुपचा, म्हणजे ज्या संस्थेच्या ओपनजीएल आणि व्हल्कन या ग्राफिक्स मानकांशी डायरेक्टएक्सने वर्षानुवर्षे स्पर्धा केली, तिचाच. या निर्णयामागे पाव शतकाचा इतिहास आहे. त्या सगळ्या काळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला: शेडर लिहिणाऱ्याने तो चिपच्या हाती कोणत्या रूपात द्यायचा?

आधी शेडर म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचा एखादा ठिपका कोणत्या रंगाचा दिसावा, हे ठरवणारा छोटासा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. १९२० गुणिले १०८०च्या साध्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल, तर सेकंदाला किमान १२ कोटी ४४ लाख वेळा ठिपक्याचा रंग काढावा लागतो. हे काम ग्राफिक्स चिप करते, कारण तिच्यात असे शेकडो-हजारो हिशेब एकाच वेळी चालतात. अडचण अशी की प्रत्येक कंपनीच्या चिपची यंत्रभाषा वेगळी. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचीही सारखी नसते. शेडर लिहिणारा माणूस मात्र एक असतो, आणि त्याचा खेळ कोणत्या चिपवर चालेल हे त्याला ठाऊक नसते.

आपल्याकडे घर सोडून निघालेल्या मुलाच्या सामानात आई थालीपीठाची भाजणी देते. नुसती कृती लिहून दिली, तर धान्य निवडण्यापासून दळण्यापर्यंत सगळा व्याप त्याच्यावर पडतो, आणि चव त्याच्या हाताला येईल तशी. तयार थालीपीठ बांधून दिले, तर ते दुसऱ्या दिवशी शिळे. भाजणीत निवडणे, भाजणे, दळणे झालेले असते, ती महिनोन्‌महिने टिकते, आणि शेवटचे थापणे त्याने आपल्या तव्यावर, आपल्या आचेवर करायचे असते. शेडरलाही हेच तीन मार्ग आहेत. मूळ मजकूर द्यायचा, थेट यंत्रभाषेत उतरवून द्यायचे, किंवा अर्धी वाट चालून आलेले मधले रूप द्यायचे. पुढचा सगळा इतिहास या तिसऱ्या मार्गाचा, आणि भाजणी कोणी दळायची या वादाचा आहे.

शेडरचा जन्म चित्रपटांसाठी झाला. १९८४ साली लुकासफिल्ममधल्या रॉबर्ट कुक यांनी पृष्ठभागाचे रूप ठरवणारी सूत्रे झाडासारखी रचण्याची कल्पना मांडली. पिक्सारने १९८८ साली रेंडरमॅनचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शेडर भाषेवरचा पॅट हॅनराहन व जिम लॉसन यांचा निबंध १९९०मध्ये आला. पिक्सारचा रेंडरर, म्हणजे चित्र रचणारा प्रोग्रॅमही, मजकूर थेट वाचत नसे. शेडर आधी कंपाइल करून त्याची वेगळी फाइल केली जाई. पण तिथे लिहिणारे, कंपाइल करणारे आणि चालवणारे एकाच घरातले. एका चित्राला तासन्‌तास लागले तरी चालत. मधल्या रूपावरून भांडण होण्याचे कारणच नव्हते.

ते कारण २००१ साली घराघरांत पोहोचले. नोव्हेंबर २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स ८ आणले आणि काही महिन्यांत एनव्हिडियाचे जीफोर्स ३ बाजारात आले. ग्राहकाच्या संगणकातली चिप पहिल्यांदाच शेडर चालवू लागली. त्या शेडरची ऐपत आज वाचून नवल वाटते. आकाराचे बिंदू हलवणाऱ्या शेडरला फार तर १२८ सूचना, आणि ठिपक्याचा रंग काढणाऱ्याला फक्त ८ गणिती सूचना. प्रोग्रॅमर त्या हाताने, असेंब्लीत लिहीत. गुणा, मिळवा, दोन दिशांचा गुणाकार घ्या, अशा एकेका ओळीच्या आज्ञा असत. या आज्ञांचे आकडेबंद रूप, म्हणजे बाइटकोड, करून तो ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिला जाई. मायक्रोसॉफ्टचा मार्ग त्या पहिल्या दिवशीच ठरला होता. ड्रायव्हरने मजकूर वाचायचा नाही, त्याच्या हाती दळलेलीच गोष्ट पडेल.

सूचनांची मर्यादा वाढली तशी असेंब्ली पुरेनाशी झाली. २००२मध्ये एनव्हिडियाची ‘सीजी’ आणि मायक्रोसॉफ्टची ‘एचएलएसएल’ या सी भाषेसारख्या दिसणाऱ्या शेडर भाषा आल्या. दोन्ही कंपन्यांनी त्या एकमेकींच्या सहकार्याने घडवल्या होत्या. इथे रस्ता फुटला.

मायक्रोसॉफ्टच्या वाटेवर एचएलएसएलचा मजकूर मायक्रोसॉफ्टचाच कंपायलर वाचे. त्यातून बाइटकोड निघे आणि चिप कंपन्यांच्या ड्रायव्हरला तेवढाच मिळे. भाषेचा अर्थ लावणारा एकच, त्यामुळे अर्थाबद्दल मतभेद नव्हता.

ओपनजीएलच्या मंडळींनी उलटी वाट धरली. थ्रीडी लॅब्ज या कंपनीने २००१ साली ओपनजीएल २.० साठी जो प्रस्ताव मांडला, त्यातून ‘जीएलएसएल’ ही भाषा आली आणि सप्टेंबर २००४मध्ये ती ओपनजीएलच्या गाभ्यात दाखल झाली. या भाषेचा मूळ मजकूर जसाच्या तसा ड्रायव्हरला द्यायचा असे ठरले. प्रत्येक चिप कंपनीने आपल्या ड्रायव्हरमध्ये स्वतःचा पूर्ण कंपायलर ठेवायचा. यामागचा विचार साधार होता. आपली चिप कंपनीला जितकी कळते तितकी बाहेरच्या कोणाला कळणार? मूळ मजकूर हाती असेल, तर तिचा कंपायलर जास्तीत जास्त वेग काढू शकेल. उद्या कंपायलर सुधारला, तर कालचा खेळही आपोआप वेगाने धावेल.

हा युक्तिवाद खरा आहे याची साक्ष मायक्रोसॉफ्टच्याच वाटेवर मिळाली. त्या काळी एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्सची चिप शेडरमध्ये रजिस्टर, म्हणजे आकडे तात्पुरते ठेवायच्या जागा, जास्त वापरले गेले की मंदावत असे, तर प्रतिस्पर्धी एटीआयच्या रेडिऑनला तो त्रास नव्हता. एकाच तऱ्हेने दळलेला बाइटकोड दोघांना सारखा मानवेना. शेवटी एचएलएसएलच्या कंपायलरला दोन वेगळी लक्ष्ये द्यावी लागली, एक जीफोर्स एफएक्सच्या सोयीचे आणि दुसरे नव्या रेडिऑनच्या. मधले रूप घडवताना डोळ्यांसमोर एक विशिष्ट यंत्र असेल, तर त्या यंत्राच्या सवयी त्यात उतरतात. पुढे डायरेक्टएक्समधल्या डायरेक्ट३डी १०च्या वेळी आलेल्या ‘डीएक्सबीसी’ या बाइटकोडचेही तसेच झाले. त्याची घडण चार-चार आकड्यांचे गट एकदम हाताळणाऱ्या रजिस्टरांवर बेतलेली होती. नोव्हेंबर २००६मध्ये आलेल्या जीफोर्स ८८००पासून एनव्हिडियाच्या चिपा मात्र एकेक आकडा सुटा हाताळू लागल्या. मग कंपायलरने बांधलेले गट ड्रायव्हरने सोडवायचे, हे काम मागे लागले.

तरीही ओपनजीएलच्या वाटेवरचे हाल अधिक होते. एकच उदाहरण जवळून पाहू. जीएलएसएलच्या पहिल्या आवृत्तीत अपूर्णांक ठेवायच्या चलाला किंमत द्यायची, तर ‘१.०’ असे लिहावे लागे. दशांश चिन्ह न देता नुसते ‘१’ लिहिले, तर नियमाप्रमाणे ती चूक. पण एनव्हिडियाचा कंपायलर सीजीच्या घराण्यातला असल्यामुळे तो नुसते ‘१’ चालवून घेई. दुसऱ्या कंपनीचा कंपायलर नियमाला धरून तोच शेडर नाकारी. एनव्हिडियाच्या कार्डावर खेळ तयार करणाऱ्याच्या यंत्रावर सारे काही नीट चाले. ग्राहकाच्या घरी मात्र पडदा काळा. पुढच्या आवृत्तीत नियमच सैल केला गेला, पण रोग तिथे संपला नाही. जितके ड्रायव्हर तितके कंपायलर, आणि जितके कंपायलर तितके अर्थ. मोडीत लिहिलेला एकच कागद दोन कारकुनांनी दोन तऱ्हेने वाचावा, तसे हे होते.

यात आणखी दोन दुखणी होती. मजकूर वाचणे, तपासणे, उतरवणे हे सगळे खेळ चालू असताना ग्राहकाच्या यंत्रावर होई, त्यामुळे चित्र मध्येच अडखळे. शिवाय मेहनतीने लिहिलेला शेडर कोणालाही उघडून वाचता येई. उपाय म्हणून २०१०च्या ओपनजीएल ४.१मध्ये कंपाइल झालेला शेडर ड्रायव्हरकडून मागून साठवून ठेवण्याची सोय आली. पण ते त्या चिपचे, त्या ड्रायव्हरचे तयार थालीपीठ. ड्रायव्हर बदलला की तो साठा निकामी ठरू शके, आणि मूळ मजकूर जवळ बाळगावाच लागे.

वेब आणि मोबाइलने हा गुंता वाढवला. मार्च २०११मध्ये वेबजीएल १.० आले आणि ब्राउझरमधल्या पानांतही जीएलएसएलचा मजकूर येऊ लागला. विंडोजवर गूगलचे ‘अँगल’ हे सॉफ्टवेअर त्या मजकुराचे एचएलएसएलमध्ये भाषांतर करी, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्याचा बाइटकोड करी, आणि ड्रायव्हर त्यातून यंत्रभाषा काढी. पानावरचा एक गोळा फिरवायला एका मजकुराचा तीनदा जन्म.

मधल्या रूपाची गरज आता कोणी नाकारत नव्हते. प्रश्न होता तो कोणते रूप घ्यायचे याचा. क्रोनोसपुढे एक तयार वस्तू होती. ख्रिस लॅटनर यांनी इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू केलेल्या ‘एलएलव्हीएम’ या प्रकल्पात कंपायलरच्या पोटातली मधली भाषा उत्तम बेतलेली होती, आणि ती साऱ्या उद्योगाच्या वापरात होती. ओपनसीएल या गणनेच्या मानकासाठी क्रोनोसने तिचाच आधार घेऊन ‘स्पिर’ तयार केला. आधारासाठी एलएलव्हीएमची ३.२ ही आवृत्ती धरली.

इथे जो धडा मिळाला तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. एलएलव्हीएमची मधली भाषा कंपायलर लिहिणाऱ्यांनी स्वतःसाठी केली होती. नवी गरज दिसली की ते ती बदलत, आणि तसे बदलणे हेच तिचे बळ होते. मानकाला नेमके उलटे हवे असते. आज लिहिलेली फाइल दहा वर्षांनी, वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर, त्याच अर्थाने वाचता आली पाहिजे. एका आवृत्तीला खुंटा मारून ठेवले, तर मूळ प्रकल्प पुढे निघून जातो. त्याच्या मागे धावले, तर जुन्या फाइली पोरक्या होतात.

म्हणून क्रोनोसने पाटी कोरी केली. मार्च २०१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये व्हल्कनबरोबर स्पिर-व्ही जाहीर झाला. नावात ‘स्पिर’ राहिला, पण एलएलव्हीएमचा आधार सुटला होता. त्याच्या विनिर्देशाचे संपादन करणाऱ्यांत जॉन केसेनिच होते. थ्रीडी लॅब्जमध्ये असताना जीएलएसएलचा विनिर्देश लिहिणाऱ्यांत तेच होते. मूळ मजकूर ड्रायव्हरला देण्याच्या वाटेवर पहिल्या दिवसापासून चाललेल्या माणसाने, दशकभराच्या अनुभवानंतर, मधल्या रूपाची वाट आखून दिली. नोव्हेंबर २०१५मध्ये स्पिर-व्ही १.० प्रसिद्ध झाला आणि १६ फेब्रुवारी २०१६ रोजी व्हल्कन १.० आले. व्हल्कनच्या ड्रायव्हरला जीएलएसएल वाचता येणे बंधनकारक नव्हते. त्याला स्पिर-व्ही समजला की पुरे.

ही फाइल उघडून पाहिली की तिच्या कर्त्यांचा स्वभाव कळतो. ती ३२ बिटांच्या शब्दांची सरळ रांग आहे. पहिले पाच शब्द म्हणजे मथळा. त्यातला पहिला शब्द सोळा-आधारी अंकांत ०७२३०२०३ असा असतो, आणि तो दिसला की फाइल स्पिर-व्हीची आहे एवढेच नव्हे, तर तिचे बाइट कोणत्या क्रमाने लावलेत हेही समजते. मग आवृत्ती, फाइल बनवणाऱ्या साधनाची खूण, आत वापरलेल्या क्रमांकांची वरची हद्द, आणि पुढच्या सोयीसाठी राखून ठेवलेले शून्य. त्यानंतर सूचना सुरू होतात. समजा एक शब्द आला ०००५००८१. त्याचा पहिला अर्धा भाग सांगतो की ही सूचना ५ शब्दांची आहे. दुसरा अर्धा म्हणजे सोळा-आधारी ८१, आपल्या मोजणीत १२९, आणि १२९ म्हणजे अपूर्णांकांची बेरीज. पुढचे चार शब्द उत्तराचा प्रकार, उत्तराचा क्रमांक, आणि मिळवायच्या दोन किमतींचे क्रमांक देतात.

इतक्या साध्या बांधणीमागे मोठा हिशेब आहे. प्रत्येक सूचना आपली लांबी स्वतः सांगते. म्हणून वाचणाऱ्या साधनाला एखादी नवी सूचना ओळखता आली नाही, तरी ती ओलांडून पुढे जाता येते. प्रत्येक किमतीला एकदाच क्रमांक मिळतो आणि तो पुन्हा बदलत नाही. फाटे कुठे फुटतात आणि पुन्हा कुठे मिळतात, पुन्हा पुन्हा चालणारा भाग, म्हणजे लूप, कुठून सुरू होऊन कुठे संपतो, हेही फाइलमध्ये स्पष्ट नोंदवावे लागते, कारण शेकडो ठिपके एकत्र हाकणाऱ्या चिपला ती माहिती हवीच असते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक सूचनेचा अर्थ लिहिलेला दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतो. फाइल नियमांत बसते की नाही ते तपासणारे साधनही खुले आहे. अर्थ कोणत्या एका कंपनीच्या कंपायलरमध्ये दडलेला राहिला नाही, तो कागदावर उतरला. ज्या ओपनजीएलने मूळ मजकुराचा मार्ग धरला होता, त्याच्या ४.६ आवृत्तीतही जुलै २०१७मध्ये स्पिर-व्ही दाखल झाला.

मायक्रोसॉफ्टने मात्र त्याच सुमारास दुसरा डाव मांडला होता. जुना कंपायलर थकला होता. नवा कंपायलर त्यांनी एलएलव्हीएमवर बांधला आणि जानेवारी २०१७मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्यातून निघणारा ‘डीएक्सआयएल’ हा फॉरमॅट एलएलव्हीएम ३.७च्या मधल्या भाषेवर उभा होता. त्याने चार-चारच्या गटांचे जुने ओझे उतरवले आणि शेडर मॉडेल ६च्या सगळ्या सोयी पेलल्या. पण स्पिरचा धडा त्याला चुकवता आला नाही. २०२४पर्यंत एलएलव्हीएम १९व्या आवृत्तीवर पोहोचले, तरी डीएक्सआयएल लिहिणाऱ्या प्रत्येक साधनाला ३.७च्या काळातली लिपी जपावी लागे. कंपायलर खुला केल्याचा एक चांगला परिणाम मात्र झाला. गूगलने त्यात स्पिर-व्ही काढण्याची सोय घातली आणि एचएलएसएलमध्ये लिहिलेला शेडर थेट व्हल्कनवर पोहोचू लागला. भाषा मायक्रोसॉफ्टची, मधले रूप क्रोनोसचे, हा संगम तेव्हाच घडून गेला होता.

वेबवर वेगळा निकाल लागला. २०१७पासून वेबजीपीयू या ब्राउझरसाठीच्या नव्या ग्राफिक्स मानकाची आखणी सुरू झाली तेव्हा ब्राउझरनेही स्पिर-व्हीच घ्यावा, असा आग्रह होता. अ‍ॅपलने २०१८मध्ये एचएलएसएलच्या धर्तीवरची मजकुराची भाषा पुढे केली. वेबची परंपरा वाचता येणाऱ्या मजकुराची आहे, आणि ब्राउझरला अनोळखी माणसाकडून आलेला प्रत्येक शब्द तपासूनच चालवावा लागतो. दीर्घ चर्चेनंतर २०२०मध्ये ‘डब्ल्यूजीएसएल’ ही मजकुराची नवी भाषा घेण्याचे ठरले. ती घडवताना तिचे आणि स्पिर-व्हीचे एकमेकांत सहज रूपांतर व्हावे याकडे लक्ष दिले गेले. २०२३मध्ये क्रोमच्या ११३व्या आवृत्तीत वेबजीपीयू लोकांपर्यंत पोहोचले.

मधले रूप ठरले म्हणून शेवटचे थापणे चुकत नाही. ते आजही ड्रायव्हरलाच करावे लागते, आणि मोठ्या खेळांत हजारो शेडर असल्यामुळे चित्र अडखळण्याची तक्रार अजून येते. तयार थालीपीठ फक्त तिथेच चालते जिथे सगळ्यांचा तवा एकच आहे. खेळांच्या कन्सोलवर म्हणूनच शेडर थेट यंत्रभाषेत उतरवून दिले जातात. व्हॉल्व्हने फेब्रुवारी २०२२मध्ये स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक आणला तेव्हा साऱ्या डेकची चिप सारखी असल्यामुळे आधीच कंपाइल केलेले शेडर ग्राहकाला पाठवणे शक्य झाले. त्याच डेकवर विंडोजसाठी लिहिलेले खेळ चालतात, कारण मधला एक थर मायक्रोसॉफ्टच्या बाइटकोडचे स्पिर-व्हीत रूपांतर करतो. म्हणजे मायक्रोसॉफ्टने निर्णय घेण्याच्या आधीच डायरेक्टएक्सचे शेडर स्पिर-व्ही होऊन रोज धावत होते.

या पार्श्वभूमीवर २०२४चा निर्णय वाचावा. मायक्रोसॉफ्टने हा बदल काही वर्षांचा असल्याचे सांगितले आहे, आणि डीएक्सआयएल व स्पिर-व्ही यांच्यात दोन्ही बाजूंनी रूपांतर करणारी साधने देण्याचे ठरवले आहे. जुने खेळ त्यामुळे उघडे पडणार नाहीत.

आज शेडर लिहायला बसणाऱ्या मराठी मुला-मुलींसाठी याचा व्यवहारी अर्थ सोपा आहे. डायरेक्टएक्स १२साठी आज डीएक्सआयएल, व्हल्कनसाठी स्पिर-व्ही, ब्राउझरसाठी डब्ल्यूजीएसएल. एचएलएसएलमध्ये लिहिले, तर पहिली दोन एकाच कंपायलरमधून निघतात. पण फॉरमॅट निवडताना फक्त वेगाचे आकडे पाहू नका. त्या फॉरमॅटचा अर्थ कुठे लिहिला आहे ते शोधा. अर्थ एखाद्या कंपनीच्या कंपायलरमध्येच असेल, तर तुमचे काम त्या कंपनीच्या मर्जीवर टिकेल. तो खुल्या दस्तऐवजात असेल, तर तुमचे काम तुमचे राहील. ग्राफिक्सच्या जगाला हे उमगायला चोवीस वर्षे लागली. तुम्ही पहिल्या दिवसापासून तेवढे ध्यानात ठेवा, आणि एकदा तरी आपल्या शेडरची स्पिर-व्ही फाइल उघडून ०७२३०२०३ हा पहिला शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.